ओळंब्याचा उजवा हात

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं गवंड्याचं वजन. भिंत सरळ उभी आहे की पोट पुढे काढून, हे सांगणारं. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं हे विचारायची वेळ कुणावर यायची नाही. हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतींकडे बघायचा, मग माणसांकडे. आणि माणसांबद्दलचं मत भिंतींवरून बनवायचा.

एकदा बायकोचे लांबचे काका वारले म्हणून दोघं भेटायला गेले. घरात रडारड चाललेली. हा कोपऱ्यात उभा राहून भिंतीवर तळहात फिरवतोय. काकूंना वाटलं, जावई भिंतीला धरून दुःख आवरतोय. त्या म्हणाल्या, "बसा हो, सावरा जरा."

"सावरतो," हा म्हणाला. "पण हा गिलावा कुणी केला? खरं तर आधी त्याला न्यायला हवं होतं."

बायको पुढे दोन वर्षं त्या घराकडे फिरकली नाही.

गवंड्यांतही तो गिलाव्याचा गवंडी होता. विटा रचणाऱ्यांना तो 'ढीग लावणारे' म्हणायचा आणि रंगाऱ्यांना 'पावडर फासणारे'. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. थापीवर माल घ्यायचा, मनगटाचा एक झटका, आणि माल भिंतीवर जाऊन असा बसायचा, जसा काही तिथेच राहायला आला होता. थेंब खाली पडायचा नाही. खाली उभं राहून सूचना देणाऱ्या इंजिनियरच्या डोक्यावर पडलाच, तर तो मुद्दाम पाडलेला असायचा.

त्याच्या जोडीला असायचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा लग्नात बायकोबरोबर आला तो परत गेलाच नाही, असं ओळंबा म्हणायचा. कामाला बरा, बोलायला फार.

तर झालं असं, की एका रविवारी सकाळी हा मेव्हणा ओळंब्याच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता. कप अर्धा झाल्यावर त्याने वर बघितलं आणि सहज म्हणाला, "भावोजी, तुमच्या घरची ही भिंत वर एक बोट बाहेर आलीय."

बायकोने गॅस बारीक केला. अशा गोष्टी घरात बोलायच्या नसतात.

ओळंबा उठला, पिशवीतून ओळंबा काढला, तीन पायांचं स्टूल भिंतीशी ओढलं आणि वर चढला. चौथ्या मजल्याच्या परांचीवर एका फळीवर उभं राहून विडी ओढणारा माणूस, त्याला स्टूल म्हणजे काय? दोरी वर धरली, वजन खाली स्थिर झालं, डोळा बारीक करून बघितलं. भिंत सरळ. तो मागे वळला, "बघ गाढवा..." म्हणाला, आणि स्टुलाने साथ सोडली.

पडताना त्याने उजवा हात पुढे केला. सगळं वजन त्या एका तळव्यावर आलं. मोडल्याचा आवाज मेव्हण्यालाही ऐकू आला. बायको धावत आली तेव्हा नवरा फरशीवर आडवा, तोंड पांढरं फटक, मनगट चमच्यासारखं वाकडं. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "सरळ आहे."

मेव्हण्याचं आजही म्हणणं आहे, की अर्धं बोट तरी बाहेर आहे. गडबडीत नीट बघायचं राहिलं.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हात ओढून हाडं जागेवर बसवली आणि प्लास्टर घालायला सांगितलं. प्लास्टर घालणारा एक सुकडा, वैतागलेला माणूस होता. त्याने बादलीत पट्टी बुडवली.

"पाणी जास्त झालं," ओळंबा म्हणाला.

प्लास्टरवाल्याने पट्टी गुंडाळायला सुरुवात केली.

"इथं गोळा झालाय. कडेला तर फिनिशिंगच नाही. पहिला थर पाणी ओढून सुकल्याशिवाय दुसरा का मारताय?"

"काका," प्लास्टरवाला म्हणाला, "तुम्ही हात देताय, की मी जेवायला जाऊ?"

शेवटी ओळंब्याने विचारलं, "पाणी किती दिवस मारायचं?"

"पाणी अजिबात लावायचं नाही."

"मग तडे जातील."

"जाऊ देत," प्लास्टरवाला म्हणाला आणि खरंच जेवायला गेला.

डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं होतं: बोटं दर तासाला हलवा, मूठ करा, हात खांद्यातून वर घ्या, दिवसातून चार वेळा. ओळंब्याने कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली आणि पाकीट कपाटात. कारण एकतीस वर्षांत तो एकच गोष्ट शिकला होता: माल सेट होईपर्यंत हात लावायचा नाही. ताज्या गिलाव्याला बोट लावलं म्हणून त्याने धडधाकट माणसांना साइटवरून हाकलून दिलं होतं. तो स्वतः आता ही चूक करणार?

सहा आठवडे त्याने हात झोळीत घालून छातीशी असा धरला, की बाळंतिणीने बघून शिकावं. झोपायचा तोही उताणा. बायको म्हणायची, "अहो, डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितलंय ना?"

"डॉक्टरांनी कधी भिंत केलीय?"

"हात भिंत आहे का?"

"आता आहे," तो प्लास्टरवर टकटक करून म्हणायचा.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतून जे निघालं ते आपलं आहे हे मानायला तो तयार होईना. दंड वाळकी काठी, मनगट लाकडाचं, बोटं सुजून चकचकीत, मूठ वळेना, तळवा वर होईना. खांदा तर छातीच्या वर जायचं नाव काढीना.

"बोटं हलवलीत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाही नाही," ओळंबा छाती काढून म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "हाड झकास जुळलंय. बाकी सगळं तुम्ही गंजवून आणलंय. तळमजल्यावर जा. शेवटची खोली."

तळमजल्यावर कपडे धुण्याचा विभाग ओलांडून गेलं की शेवटची खोली व्यायामोपचाराची. दोन पलंग, भिंतीवर एक मोठं चाक, छताला टांगलेली कप्पी आणि दोरी, टेबलावर मणी, चिमटे, रबरी चेंडू, आणि कोपऱ्यात गरम मेणाचं पातेलं. हे सगळं सांभाळणारी बाई ओळंब्याच्या खांद्याला लागेल एवढी होती आणि आवाज तिच्या दुप्पट. पहिल्याच दिवशी त्याने मनात तिचं नाव ठेवलं, फौजदारीण. दुसऱ्या दिवशी ते तोंडातून गेलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "चालेल. कोपर टेबलावर ठेवा."

तिने खिशातून कोन मोजायचं साधन काढलं. दोन पट्ट्या, मध्ये खिळा, त्यावर अंश. ओळंब्याच्या जिवात जीव आला. या इमारतीत मोजून बोलणारं कुणीतरी होतं.

"मनगट मागे, पंधरा," ती लिहीत म्हणाली. "तळवा वर, दहा. खांदा, सत्तर."

"कितीपैकी?"

"मनगट सत्तर. तळवा ऐंशी. खांदा एकशे ऐंशी."

ओळंब्याने मनात वजाबाकी केली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे खांद्याचा काटकोनसुद्धा नाही?"

"काटकोनाला वीस कमी."

हाड मोडलं तेव्हाही त्याला इतकं लागलं नव्हतं.

मग सुरू झालं. रोज सकाळी नऊला मेणात हात बुडवायचा. मेण थंड होऊन हातमोजा झाला की सोलायचा, आणि मग फौजदारीण मनगट धरून मागे दाबायची. दहा आकडे मोजेपर्यंत. ओळंबा एकेका आकड्याला एकेक शिवी द्यायचा. आधी नशिबाला, मग स्टुलाला, मग मेव्हण्याला, आणि आठच्या पुढे थेट बाईंच्या घराण्याला.

"शिव्या द्या," ती म्हणायची, "पण श्वास रोखू नका."

शेजारच्या खुर्चीत दातांचा एक डॉक्टर बसायचा. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात वाकून वाकून त्याचं कोपर आणि अंगठा दोन्ही कामातून गेली होती. माणूस सभ्य. दुखलं की नुसता "आई गं" म्हणायचा. ओळंब्याच्या शिव्या तो आधी मान खाली घालून ऐकायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, "ती सहाव्या आकड्याची परत सांगाल का?" महिनाभरात त्याचा अंगठा बराच सुटला. फौजदारणीने श्रेय मेणाला दिलं.

"तुमचं काम काय?" दातांच्या डॉक्टरने एकदा विचारलं.

"भोकं बुजवतो."

"मीही तेच."

"तुमची भोकं लहान. आणि तुमची भिंत ओरडते."

मेण झालं की चिमटे. लाल चिमटे सोपे, निळे कडक, काळे म्हणजे छळ. ते दांडीवर लावायचे आणि काढायचे. मग हातोडी मुठीत धरून डावीकडे झुकवायची, उजवीकडे झुकवायची. हातोडीच्या वजनाने मनगट आपोआप वळतं. ओळंब्याला वाटायचं, ज्या हातोडीने आपण अर्ध्या गावाच्या भिंती टोचल्या, ती आता आपल्याला घड्याळाच्या लंबकासारखं हलवतेय. आणि सगळ्यात शेवटी भिंत.

भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं. जिथवर पोचेल तिथे बाई पेन्सिलीने खूण करून तारीख घालायची. यात दुखणं होतंच, पण खरा त्रास वेगळा होता. ती भिंत. एका हाताच्या अंतरावरून, रोज वीस मिनिटं, ओळंब्याला ती बघावी लागायची. छातीच्या जरा वर एक फुगवटा होता, ताटाएवढा. गिलावा करणाऱ्याने पट्टीच फिरवली नव्हती.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "हात सुटला की पहिल्यांदा हे फोडणार आणि नीट करून देणार. फुकट."

"हात लावायचा नाही," बाई म्हणाली.

"अहो, पोट आहे ते भिंतीचं!"

"असू दे. माझ्या सगळ्या पेशंटचं पहिलं ठिकाण ते आहे. फुगवट्यापर्यंत बोटं पोचली की लोक घरी जाऊन पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात. सपाट भिंतीवर कुठे पोचलो ते कळत नाही."

ओळंब्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने रस्त्यात कपडे काढले होते. पण अठराव्या दिवशी त्याचं मधलं बोट त्या फुगवट्यावर टेकलं, आणि तो इतका खूश झाला की लाजून त्याने लगेच त्या गवंड्याला शिवी घातली.

फसवायचे सगळे प्रकार त्याने करून बघितले. बाईची पाठ वळली की टाचा उचलायचा. "टाच खाली," ती न वळता म्हणायची. मग कंबर वाकडी करून खांदा वर काढायचा. "कंबर तुमची बरी आहे, ती मोजायची नाही." घरचा व्यायाम केला का विचारलं की, "तीनदा." एकदा ती म्हणाली, "बरं. चौथ्यांदा माझ्यासमोर करा, कोणत्या क्रमाने करता ते दाखवा." याला क्रमच माहीत नव्हता.

तेव्हापासून बाईने कागद थेट बायकोच्या हातात दिला. ओली फडकी पिळणे. चिमटे लावणे. पीठ मळणे. बायकोने कागद फ्रिजवर चिकटवला आणि घरचे सगळे ओले कपडे नवऱ्यापुढे टाकले. ओळंबा गॅलरीत उभा राहून पिळायचा, चिमटे लावायचा. समोरच्या इमारतीतल्या बायका हसायच्या, आणि याचं लक्ष त्यांच्या गॅलरीखाली गेलेल्या तड्याकडे. पुढच्या आठवड्यात त्याला दिसलं, की कागदावर 'भांडी घासणे, दोन वेळा' असंही आहे. त्याने पंधरा दिवस भांडी घासली. मग 'माळा साफ करणे, डाव्या हाताच्या मदतीने' आलं. तेव्हा त्याला शंका आली, कारण फौजदारीण 'माळा' हा शब्द कधी बोलली नव्हती. त्याने कागद तिला नेऊन दाखवला.

तिने चष्मा लावून वाचला. "भांडी मी लिहिलेली नाहीत," ती म्हणाली. "माळाही नाही."

"बघा! माझी बायको गुन्हेगार आहे."

"पण भांडी चांगली आहेत. चालू ठेवा." आणि तिने खाली सही केली.

तिसऱ्या महिन्यात मूठ वळायला लागली, खांदा काटकोनाच्या वर गेला, आणि ओळंब्याच्या डोक्यात किडा वळवळला. मेव्हण्याने एका कचेरीच्या जिन्याचं काम घेतलं होतं. "नुसता बघून येतो," असं सांगून हा निघाला. बघितलं तर भिंत खरूज झाल्यासारखी. मेव्हणा परांचीवरून म्हणाला, "भावोजी, घाई होती."

"उतर. थापी आण इकडे."

मजूर हातातली घमेली धरून थांबले. ओळंब्याने थापीवर माल घेतला. पहिला झटका, माल बसला. दुसरा झटका, बसला. अंगभर वीज गेली, पण त्याने तोंड सरळ ठेवलं. तिसऱ्या झटक्याला मनगटाने त्याला न विचारता राजीनामा दिला. थापी हातातून सुटली, मेव्हण्याच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पाण्याच्या पिंपात बुडाली.

"भिंत इकडे आहे, भावोजी," मेव्हणा म्हणाला.

सगळे हसले. ओळंबाही हसला. मग पाणी पिऊन येतो म्हणत तो वाळूच्या ढिगामागे जाऊन बसला. दहा मिनिटांत हात पावासारखा फुगला. शर्टाची बाही गुंडाळली होती ती खाली करून बटण लावायला गेला, तर बोटं बटणाला ओळखच देईनात. तो तिथे बराच वेळ बसून होता. डोळ्यांत वाळू गेली होती, असं तो म्हणतो. त्या दिवशी वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तीन खोट्या गोष्टी तयार करून तळमजल्यावर गेला. फौजदारणीने हात बघितला आणि विचारलं, "किती वेळा मारलात?"

तिन्ही गोष्टी घशातच राहिल्या. "तीनदा."

ओरडली नाही. हात उशीवर उंच ठेवला, थंड पट्ट्या गुंडाळल्या आणि समोर स्टूल घेऊन बसली. "भरलेल्या थापीचं वजन किती असतं?"

"वजन? थापीएवढं."

"म्हणजे किती?"

"अहो, थापीचं कुणी वजन करतं का?"

"मीही नाही केलं," ती म्हणाली. "दोन महिने तुम्हाला अर्ध्या किलोचं डंबेल देतेय आणि तुम्ही रोज उचलता काय ते मला माहीतच नाही. चूक माझी. उद्या थापी घेऊन या."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द ओळंब्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. त्याला वाटलं, बाईची तब्येत बरी नसावी.

दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या विभागातल्या चादरी तोलायच्या काट्यावर ओल्या वाळूने भरलेली थापी ठेवली. पावणेदोन किलो. "दिवसाला असे किती झटके?" बाईने विचारलं.

ओळंब्याने बोटांवर हिशेब केला. "दोन हजार तर कुठे गेले नाहीत."

बाईने गुणाकार केला, परत केला, आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. "साडेतीन टन. या एका मनगटाने. रोज?"

"रविवार सोडून."

दातांचा डॉक्टर खुर्चीतून म्हणाला, "मी दिवसभरात चार ग्रॅम भरतो."

मग ओळंब्याने तो प्रश्न विचारला, जो त्याने तीन महिने तोंडात धरून ठेवला होता. "हात पहिल्यासारखा होणार ना?"

"ऐंशी टक्के होईल."

"आणि वीस?"

"वीस म्हणजे छत. हात डोक्यावर, मनगट मागे, त्यावर वजन, आणि तसंच तासभर. ते येणार नाही. आलं तर मला आश्चर्य वाटेल."

"सहा आठवडे बोटं हलवली असती तर?"

"बरंचसं आलं असतं," ती म्हणाली.

मेणाला हात न लावता तो घरी गेला. गल्लीत शेजाऱ्याने नवीन कुंपणाची भिंत बांधली होती, सापासारखी वाकडी. ओळंबा तिच्यावरून एक शब्दही न बोलता गेला. ते बायकोने गॅलरीतून बघितलं, आणि तिला कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"काय म्हणाल्या बाई?"

"छत नाही म्हणाली. परत कधीच नाही."

बायको हात पुसत त्याच्यासमोर बसली. "छताचं काम करून आलात की तीन दिवस मान धरून बसता. शिव्या मला. डोळ्यांत सिमेंट, धुवायचं मी. वीस वर्षं मी वाट बघतेय त्या छताची पीडा जायची."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पण तुमच्याइतकं नाही वाटत, उगाच खोटं कशाला बोलू?"

तो हसला नाही, पण जेवला. आणि जेवल्यावर न सांगता भांडी घासली.

फौजदारणीने आता नवीन प्रकार काढला. कपडे धुण्याच्या विभागामागे, चादरी वाळत घालायच्या अंगणात, विटांची एक उघडी भिंत होती. वाळूत चमचाभर चुना कालवायचा, थापीवर चौथाई माल घ्यायचा आणि भिंतीवर मारायचा. दहा झटके. मग सगळं खरवडून काढायचं आणि घमेल्यात भरायचं.

"खरवडायचं?" ओळंबा म्हणाला.

"उद्या परत लागेल ना."

एका बोटाच्या फरकासाठी इतरांना सबंध भिंत खरवडायला लावणारा हा माणूस आता रोज स्वतःची भिंत खरवडू लागला. चादरी वाळत घालणाऱ्या बायका विचारायच्या, "काका, आज चांगलं झालं होतं की, का काढलंत?" तो त्यांना काय काय उत्तरं द्यायचा ते इथे लिहिता येणार नाही. त्याही तशाच होत्या, परत द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी फौजदारीण येऊन उभी राहिली. "मनगटाने नका मारू. पाय रुंद, कंबर वळवा, हात मागून येऊ दे."

"कंबर? मी काय नाचायला आलोय?"

"मनगटाने मारायचं तर रोज तीनच झटके मिळतील. कंबरेने मारलं तर पाचशे."

तो शिव्या देत कंबरेने मारायला शिकला. आधी माल भिंत सोडून सगळीकडे गेला, दोन चादरीही परत धुवाव्या लागल्या. मग कधीतरी एका सकाळी माल सुटला आणि जाऊन बसला, आणि मनगटाला खबरच नाही. ओळंबा थांबला. परत मारला. परत बसला. चादरीवाल्या बायका ओळीने उभ्या राहून त्याच्यासारखी कंबर हलवू लागल्या, आणि त्याने त्यांच्यासाठी आणखी एक झटका मारला. पाच आठवड्यांत दहाचे चाळीस झाले, चाळीसचे दोनशे. दातांचा डॉक्टर मधेच बरा होऊन गेला. जाताना भिंतीसमोर उभा राहिला आणि सहाव्या आकड्याची शिवी अगदी शुद्ध उच्चारात देऊन दाखवली.

पाचव्या महिन्यात शेवटचं मोजमाप झालं. मनगट पंचावन्न, तळवा सत्तर, खांदा एकशे पन्नास. बाईने फाइलमध्ये लिहिलं, कामावर जाण्यास हरकत नाही. ओळंब्याने उजवा हात छताकडे नेला, मनगट मागे वळवलं आणि तसाच धरला. पंधरा मोजेपर्यंत हात थरथरायला लागला, वीसला खाली आला.

"नाही," तो स्वतःच म्हणाला.

"मला आश्चर्य वाटलं नाही," बाई म्हणाली. पण तिने फाइल बंद करायला जरा जास्तच वेळ लावला.

तो कामावर गेला. भिंती त्याच्या, छत मेव्हण्याचं, अशी वाटणी ठरली. पहिल्या छताला ओळंबा खाली उभा राहून, मान वर करून, दिवसभर बोलत होता. मेव्हण्याने ते छत पूर्ण केलं, खाली उतरला आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिला. ओळंब्याने वर बघितलं, पट्टी लावून बघितलं, परत वर बघितलं. "बरं आहे," तो म्हणाला. मेव्हण्याने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ओळंबा स्पंज भिजवून पिळत बसायचा, मग हातोडी डावीकडे-उजवीकडे. मजूर आधी फिदीफिदी हसले. मग एकजण जवळ येऊन म्हणाला, सकाळी उठलं की बोटं बधीर असतात. फरशी कापणाऱ्याचा अंगठा अडकायचा. घमेलं उचलणाऱ्या एका बाईला रात्री कोपराने झोप येत नव्हती. ओळंबा एकेकाचा हात हातात घेऊन, भिंतीवरून फिरवावं तसा आपला तळवा फिरवायचा आणि सांगायचा, "तळमजला. शेवटची खोली. माझं नाव सांग. ओरडेल, पण मोजून बोलते."

एका दुपारी त्याचा फोन वाजला. फौजदारीण होती. "तुम्ही या आठवड्यात माझ्याकडे पाचजण पाठवलेत. मी काय तुमच्या साइटवरच खोली घेऊ का?"

"चार पाठवले. पाचवा कोण?"

"आताच येऊन बसलाय. म्हणतो, तुमचा मेव्हणा."

ओळंब्याने वर बघितलं. परांची रिकामी होती. चुना आणायला जातो म्हणून मेव्हणा तासापूर्वी गेला होता. "काय झालंय त्याला?"

"खांदा. छताचं काम. महिनाभर हात वर न्यायचा नाही."

ओळंबा इतका हसला, की त्याला शिडी धरावी लागली. आजूबाजूचे मजूर बघायला लागले. हसणं थांबल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "त्याला दाबा चांगलं. आणि बाई..."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून बोटं हलवायला लावा. ऐकणार नाही, तरी लावा."

फोन खिशात ठेवून तो थोडा वेळ त्या अर्ध्या झालेल्या छताकडे बघत उभा राहिला. छतासाठी दुसऱ्या दोन गवंड्यांना निरोप पाठवायला हवा होता, मालकाला तोंड द्यायला हवं होतं, ते सगळं संध्याकाळी. मग त्याने घमेलं जवळ ओढलं, पाय रुंद केले आणि भिंत खालून घ्यायला सुरुवात केली.